चाळीस फुटांची वायर

पहिल्या रविवारी मानसिंग आला नाही, तेव्हा इसूफनं त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. दुसऱ्या रविवारीही आला नाही, तेव्हा त्याला काळजी वाटली. त्यानंतरच्या रविवारी तो आला खरा, पण इतका खुशीत आला, की इसूफला वाटलं, हा आलाच नसता तर बरं झालं असतं.

सोलापुरात सात रस्त्याला इसूफचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. पाटीवर ‘कमर साऊंड सर्व्हिस’ असं लिहिलेलं. कमरबी त्याची बायको. दुकानाला बायकोचं नाव दिलं म्हणून सुरुवातीला लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली होती. पण लग्न असो, उरूस असो, गणपती असो नाही तर निवडणूक, कर्णे इसूफचेच लागायचे, त्यामुळे थट्टा आपोआप थांबली. मानसिंग मूळचा मंगळवेढ्याचा. एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारण्याची त्याची नोकरी. दोघांची दोस्ती दोघांच्या लग्नाआधीची, आणि ती जमली तीही माईकवरूनच.

इसूफचा एक रिवाज होता. कुठंही वायर टाकली, की दुसऱ्या टोकाला मानसिंगनं बोललंच पाहिजे. इसूफ कर्ण्याखाली डोळे मिटून उभा राहणार आणि लांबून माईकवर मानसिंग नोकरीतला ठेवणीतला आवाज लावून म्हणणार, ‘‘वैराग-बार्शीकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.’’ कुणाच्या लग्नाच्या मांडवात ही गाडी लागली की वऱ्हाडी मंडळी हसून घ्यायची. पण त्या एका वाक्यात वायर कुठं तुटकी आहे, कुठं जोडावरचा झाळ कच्चा आहे, कुठं घरघर येते, सगळं इसूफला कळायचं. मानसिंग बोलल्याशिवाय त्याची वायर आजवर कुठल्या कामाला लागली नव्हती. आणि रविवारी दुकान बंद ठेवून, उलट्या टाकलेल्या खोक्यावर मानसिंगला बसवून, मंगळवेढ्याची कडक भाकरी आणि कमरबीची शेंगाचटणी खात दोघांनी जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या, हाही रिवाजच होता.

‘‘कुटं मेला हुतास?’’ इसूफनं विचारलं.

‘‘आरं, तुला सांगायचंच ऱ्हायलं की!’’ मानसिंग खोक्यावर बसलासुद्धा नाही. ‘‘शिवयोगीसाहेबांकडं हुतो. ते मिलमदले धारवाडचे साहेब. वीरभद्रप्पाच्या पिठाच्या गिरणीला लागून ऱ्हातेत बघ. त्यांनी मद्रासहून मशीन आनलंय. एका स्टुडिओनं मोडीत काडलेलं. रेकॉर्डचं टेबलच हाय म्हन, दोघांनी उचलावं लागतंय. आन् व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. काय आवाज हाय, इसूफ! गानारी बाई श्वास घेती ना, त्यो बी ऐकू येतोय.’’

‘‘असंल की,’’ इसूफ म्हणाला. आपल्या अँप्लिफायरकडे त्यानं उगाच एक नजर टाकली. गानारी बाई त्याच्यातून कधी श्वास घेत नव्हती.

‘‘आन् त्या टेबलाला माईक बी हाय! रेकॉर्ड वाजवता वाजवता मदीच बटन दाबायचं आन् बोलायचं. मी बोललो की.’’

‘‘काय बोललास?’’

‘‘आपलं त्येच. वैराग-बार्शी.’’

इसूफला ते लागलं. नवरा परक्या बाईशी हसून बोलताना दिसावा आणि बायकोला लागावं, तसंच हे लागणं होतं आणि त्याला दुसरं काही नाव देता येत नव्हतं. मानसिंगनं सिनेमा दुसऱ्याबरोबर पाहिला असता, चहा दुसऱ्याकडे प्याला असता, तर इसूफनं दोन शिव्या देऊन विषय संपवला असता. पण वैराग-बार्शीची गाडी? ती दुसऱ्याच्या माईकवर लावायची?

मानसिंगला यातलं काहीच दिसलं नाही. खूश माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही. तो कामाचं सांगू लागला. गिरणीचं पीठ उडून बाहेरच्या खोलीत त्या मशीनवर बसत होतं. म्हणून रेकॉर्डचं टेबल आतल्या खोलीत न्यायचं होतं. आतली खोली लहान, तिथं माणसं मावायची नाहीत, तेव्हा अँप्लिफायर आणि स्पीकर बाहेरच ठेवायचे. मधे लांब वायर लागणार. मशीनला मागं दोन्ही सोयी होत्या, साध्या दोन तारांच्या वायरीची आणि तीन तारांच्या बॅलन्स्ड वायरीची. साहेबांना कळत नव्हतं, कोणती घ्यावी.

‘‘मी सांगितलं, तुमी आमी डोकं खपवायचं न्हाय. आमचा इसूफ सांगंल ती वायर. चल, बघायला बोलावलंय.’’

‘आमचा इसूफ’ ऐकून इसूफ थोडा विरघळला. शर्ट बदलून निघाला.

शिवयोगी माणूस वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. पण तो दारातच हात जोडून म्हणाला, ‘‘बर्री, बर्री इसूफसाब. कूडरी, बसा,’’ आणि स्वतःची वेताची खुर्ची पुढं केली. ‘‘मानसिंग तुमच्याबद्दल भाळ, म्हणजे पुष्कळ सांगतात. सोलापुरात आवाज म्हणजे तुम्हीच, असं.’’ इसूफनं मान हलवली. त्याची नजर दुसऱ्याच खुर्चीवर गेली होती. मानसिंग आला तो विचारता न विचारता कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला, पाठीमागची उशीही त्यानं हात मागं नेऊन नीट केली. म्हणजे ती त्याची खुर्ची ठरलेली होती. इतकी वर्षं खोक्यावर बसवला आपण याला, इसूफच्या मनात आलं, आणि इथं साहेबानं उशी दिली.

मशीन मात्र खरोखर देखणं होतं. अँप्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह दिव्यांसारखे शेंदरी पेटले होते. शिवयोगीला तो बाहेरच हवा होता, आलेल्या माणसांना व्हॉल्व्ह दिसले पाहिजेत अशी त्याची हौस. इसूफनं भिंतीच्या कडेकडेनं चालत जागा मापली. बाहेरची खोली, बोळ, बोळात विजेच्या मीटरची पेटी, गिरणीच्या मोटरची जाडजूड केबल त्याच भिंतीवरून गेलेली, मग स्वयंपाकघर, मग आतली खोली. चाळीस फूट भरले. विजेचे प्लगही दोन खोल्यांत दोन वेगळे, म्हणजे घरघरीला आणखी एक वाट.

दुसरं कुणी असतं तर इथं विचारात पडलं असतं. इसूफला विचार करायची गरज नव्हती. दोन तारांच्या वायरीत आवाज एका तारेवरून जातो आणि वरची जाळी दुसऱ्या तारेचं काम करते. हातभर अंतराला ती उत्तम. पण लांबच्या पल्ल्यात वाटेतली विजेची घरघर तिच्यावर चढते आणि आवाजाबरोबर थेट स्पीकरपर्यंत येते. तीन तारांच्या वायरीत तिसरी तार म्हणजे वरची जाळी; आवाज आतल्या दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. घरघर चढते ती दोघींवर सारखीच. पलीकडचं मशीन एकीतून दुसरी वजा करतं, घरघर घरघरीला खाते आणि आवाज तेवढा उरतो. उरसाच्या मैदानात लांबलांब माईक लावताना इसूफ हीच वायर वापरायचा आणि हीच गोष्ट त्यानं मानसिंगला कितीदा तरी सांगितली होती. या घराला तीन तारांचीच वायर पाहिजे होती. मीटरची पेटी बघितली तेव्हाच ते ठरलं होतं.

एवढ्यात बाहेर मानसिंग मोठ्यानं हसला. शिवयोगी काहीतरी कानडीत म्हणाला होता आणि मानसिंगला ते समजलं होतं. दोन रविवारांत हा कानडीसुद्धा शिकला!

इसूफ बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘दोन तारांची बस हाय.’’

‘‘हौदु? खरंच?’’ शिवयोगीनं विचारलं. ‘‘मागं तीन पिनांची सोय आहे म्हणून वाटलं...’’

‘‘ती जलशाला, साहेब. मैदानात. घरात तीन तारांचं काय काम? सगळ्यांच्या घरी दोन तारांचीच असती.’’ हे खोटं नव्हतंच. सगळ्यांच्या घरी दोन तारांचीच असते. फक्त सगळ्यांच्या घरी ती चाळीस फूट नसते.

‘‘पर लांब हाय की रे,’’ मानसिंग म्हणाला. ‘‘तूच म्हनतोस ना, पल्ला लांब आसला की...’’

‘‘घरातला पल्ला येगळा आन् मैदानातला येगळा.’’

मानसिंगनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग शिवयोगीकडे वळून म्हणाला, ‘‘झालं, साहेब. इसूफ म्हनतोय म्हंजे दोन तारांचीच.’’ आणि परत उशीला टेकला.

वायर इसूफनं मन लावून केली. नवी कोरी तार घेतली, टोकं स्वच्छ केली, झाळही पक्का केला. काम कच्चं केलं असतं तर कुणीही बोट ठेवलं असतं. त्यात काही खोट नव्हती, ती फक्त तिथं लावायची वायर नव्हती. कमरबी चहा घेऊन आली, तर तो गुंडाळी कागदात बांधत होता.

‘‘हे काय, तपासली न्हाय?’’ ती म्हणाली. ‘‘मानसिंगभाय बोलल्याबिगर तुमची वायर कवा बाहेर गेली हाय?’’

‘‘घरातली तर वायर हाय. तिला काय तपासायचं?’’

कमरबीनं कपाच्या कडेवरून नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि आत गेली. ती काही बोलली असती तर बरं, असं इसूफला वाटलं, कारण मग तिच्यावर ओरडता आलं असतं.

येत्या रविवारी संध्याकाळी शिवयोगीकडे बैठक ठरली. गिरणीवाला वीरभद्रप्पा आला, मिलमधली चारसहा माणसं आली. इसूफ मुद्दाम शेवटी गेला आणि दाराशीच बसला. शिवयोगीनं आत जाऊन रेकॉर्ड लावली.

आधी आली ती घरघर. घुंऽऽ अशी, जाड, एकसारखी, भिंतीत भुंगा अडकावा तशी. तिच्या मागून, लांबून, गाणं आलं. गानारी बाई श्वास घेत असेलही, पण आता तो कुणाला ऐकू येणार नव्हता. शिवयोगी आतून बाहेर, बाहेरून आत पळू लागला. बटणं फिरवली, प्लग काढून घातले. आवाज वाढवला की घरघर वाढे. माणसं एकमेकांकडे बघू लागली, कुणी खोकलं, कुणी चहाचं विचारलं.

इसूफला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला गुदगुल्या होण्याइतका झाला. पेटलेल्या व्हॉल्व्हकडे बघून तो मनात म्हणाला, पेट आणखी.

‘‘वायर बगा की वायर,’’ वीरभद्रप्पा म्हणाला. ‘‘कालपातूर हितंच मशीन वाजत हुतं, तवा काय न्हवतं. वायर घातली आन् घुंघुं आलं. माज्या वळकीचा एक रेडिओवाला हाय, त्याची वायर लावून बगू.’’

इसूफच्या तोंडचं पाणी पळालं. कालपर्यंत नव्हतं आणि वायर घातल्यावर आलं, एवढा साधा हिशेब पिठाच्या गिरणीवाल्यालाही येतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मत्सरात माणूस एवढंही बघत नाही. आता काय बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तोच मानसिंग खुर्चीतून उठला.

‘‘आप्पा, तोंड सांभाळून. ती इसूफची वायर हाय.’’

‘‘मग? इसूफची वायर म्हंजे काय देवाची हाय?’’

‘‘माज्यासाठी हाय. आरं, आख्ख्या सोलापुरात त्याच्या वायरी पडल्यात, एकीत तरी घरघर ऐकली व्हय कुनी? मशीनच मोडीतलं हाय. उचलताना आत कायतरी हाललं आसंल. साहेब, इसूफच्या वायरीवर दुसऱ्याची वायर लावून बगायची आसंल तर खुशाल लावा. मी ह्या घरात पुन्यांदा पाऊल ठेवनार न्हाय.’’

शिवयोगी मधे पडला. ‘‘नको, नको. मानसिंग म्हणतात तसंच असेल. मशीनचंच वय झालं. वीरभद्रप्पा, तुमच्याकडे मोडवाला येतो ना, त्याला सांगून ठेवा.’’ हे त्यानं हसून म्हटलं, पण म्हणताना अँप्लिफायरवर हात फिरवला. मानसिंग कुणाचा निरोप न घेता, इसूफला दंडाला धरून बाहेर पडला. ‘‘चल. आपल्याला काय कमी हाय?’’

म्हणजे इसूफला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं.

पुढच्या रविवारी मानसिंग नऊ वाजता हजर. खोक्यावर बसला. कडक भाकरी आली, शेंगाचटणी आली. इसूफनं मानसिंगच्या आवडीची रेकॉर्ड लावली, वर बसायला कमरबीची गोधडी घडी करून दिली. मानसिंगनं गोधडीकडे पाहिलं आणि बाजूला सारली. रेकॉर्ड संपली तरी त्याला कळलं नाही.

‘‘साहेबांनी मोडवाल्याला बोलावलंय,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या घिऊन जानार हाय.’’

‘‘जाऊ दे की. आपल्याला काय?’’

‘‘व्हय. आपल्याला काय.’’ मानसिंग भाकरीचा तुकडा मोडत राहिला, खाईना. ‘‘इसूफ, एक सांगू? हसू नगंस. इतकी वर्सं स्टँडवर वरडतोय, मला वाटायचं, माजा आवाज म्हंजे पत्र्याचा डबा. त्या माईकवर बोललो ना, तवा साहेबांनी त्यांच्या टेपरेकॉर्डरवर टेप करून मला ऐकवला. आरं, चांगला हाय रे माजा आवाज. बाप बोलायचा तसा हाय. बाप गेला तवापासनं ऐकला न्हवता मी त्यो. म्हनून जात हुतो तितं. तुला सांगायला लाज वाटली.’’

 स्टँड सोडलं तर मानसिंगचा आवाज आजवर ज्या पत्र्याच्या डब्यांतून निघाला, ते डबे म्हणजे इसूफचेच कर्णे होते.

‘‘मग भांडलास कशाला?’’ त्यानं विचारलं.  ‘‘लावू द्यायची हुती दुसरी वायर.’’

‘‘तुज्यावर बोट ठेवल्यावर गप बसू व्हय?’’ मानसिंग म्हणाला. त्यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

इसूफ उठून मागच्या खोलीत गेला. माळ्याकडे हात वर केला, तर कमरबी म्हणाली, ‘‘तितं न्हाय. खाली काडून ठेवलीय मी.’’ तीन तारांची गुंडाळी तिनं चुलीजवळच्या कोनाड्यात पुसून ठेवली होती. केव्हापासून ठेवली होती, ते त्यानं विचारलं नाही. तिथंच बसून त्यानं टोकांना तीन पिनांचे प्लग झाळले आणि गुंडाळी कागदात बांधून दुकानात आला.  मानसिंग खोक्यावरच बसून होता.

‘‘चल,’’ इसूफ म्हणाला.

‘‘कुटं?’’

‘‘वायर तपासायची ऱ्हायलीय.’’

मानसिंग काही न विचारता उठला. शिवयोगीच्या घरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाला होता, पण इसूफ पुढं चालला म्हटल्यावर तोही चालू लागला. शिवयोगीनं दार उघडलं आणि काही विचारायच्या आतच इसूफ म्हणाला, ‘‘साहेब, मोडवाल्याला नगा सांगू. दुसरी वायर आनलीय.’’ गिरणी गेल्या रविवारसारखीच बंद होती, वीरभद्रप्पा पायरीवरच बसला होता, तोही आत आला. इसूफनं जुनी वायर ओढून काढली. नवीचं एक टोक अँप्लिफायरला लावलं आणि दुसरं नेहमीसारखं मानसिंगच्या हातात दिलं.

मानसिंगनं टोक हातात घेतलं आणि तिथंच थबकला. इतकी वर्षं इसूफच्या वायरी ओढत फिरलेला माणूस तो. तीन पिनांचा प्लग त्याला अंधारातही कळला असता. त्यानं प्लग उलटून पाहिला, मग बोळाच्या भिंतीवरून गेलेल्या मोटरच्या केबलकडे पाहिलं, मग मीटरच्या पेटीकडे. इसूफकडे मात्र पाहिलं नाही. वायर सोडत सोडत तो बोळातून आत गेला.

इसूफ स्पीकरसमोर उभा राहिला. रिवाजाप्रमाणे त्यानं डोळे मिटले. आतून खट् असं वाजलं, माईकचं बटण दाबल्याचं. घरघर नव्हती. तिचा मागमूसही नव्हता. स्पीकर चालू आहे की बंद, हेही कळू नये इतकी शांतता होती. वीरभद्रप्पा म्हणाला, ‘‘आगं बया, गेलं की घुंघुं!’’ शिवयोगीनं त्याला हातानं गप्प केलं.

इसूफ वैराग-बार्शीची वाट बघू लागला.

गाडी लागेना. फक्त मानसिंगचा श्वास येत होता. आत घेतलेला, बाहेर सोडलेला, अगदी शेजारी उभा असल्यासारखा. इतकी चांगली वायर इसूफनं आजवर कुठं टाकली नव्हती.

मग मानसिंग बोलला. नोकरीतला आवाज त्यानं लावला नाही. जो आवाज त्यानं स्वतःही नुकताच ओळखला होता, त्या आवाजात, हळू, एकेक अक्षर खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला,

‘‘इसूफ, तुला म्हाईत हुतं की.’’

शिवयोगीनं मान खाली घातली. वीरभद्रप्पा इसूफच्या तोंडाकडे बघत राहिला.

इसूफनं डोळे उघडले. वायर एकाच बाजूनं बोलणारी होती. इकडून काहीही म्हटलं तरी ते तिकडं पोचणार नव्हतं. उत्तर द्यायचं तर चाळीस फूट चालत जावं लागणार होतं. स्पीकरमधून अजून श्वास येत होता, म्हणजे मानसिंगनं बटण सोडलं नव्हतं, तो तिथंच उभा होता. इसूफनं टोपी काढून हातात घेतली आणि वायरीच्या कडेकडेनं बोळात शिरला.